एका संघाचा मॉक ड्राफ्ट कसा बांधायचा : ग्रीन बे पॅकर्सचं उदाहरण घेऊन

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये दर एप्रिलला संघ पाळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडतात, तो ड्राफ्ट. कोणता संघ कुणाला घेईल याचा आधीच लिहिलेला अंदाज म्हणजे मॉक ड्राफ्ट. एप्रिल लागला की ऑफिसच्या पूलसाठी, म्हणजे अंदाजांच्या स्पर्धेसाठी, मॉक ड्राफ्ट लिहिणारे ओळखीचे लोक मला आपापल्या याद्या पाठवतात. बहुतेक याद्यांत चूक एकच असते. संघ काय करेल हे लिहायचं असतं, आणि लिहिलेलं असतं संघाने काय करावं ते. या दोन प्रश्नांची उत्तरं क्वचितच जुळतात.

आयपीएलचा लिलाव पाहून तयार झालेली नजरही इथे दगा देते. लिलावात हाती पैसा असेल तर कोणत्याही खेळाडूवर बोली लावता येते. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये आपली पाळी येईपर्यंत जे उरतील त्यांच्यातूनच निवडायचं असतं. त्यामुळे नाव लिहिणं हे शेवटचं काम आहे. आधी मोजायचं, मग करार वाचायचे, मग संघाच्या सवयी पाहायच्या आणि त्यानंतरच खेळाडूंकडे वळायचं. हा क्रम मोडला की पुढचं सगळं चुकतं.

उदाहरणाला ग्रीन बे पॅकर्स घेतो, कारण त्यांच्या सवयी ठळक आहेत आणि माझ्या वहीत त्यांची सर्वांत जास्त पानं आहेत. पद्धत मात्र कोणत्याही संघाला लागू पडते.

तयारी : वही आधी, व्हिडिओ नंतर

एक कोरी स्प्रेडशीट किंवा आडव्या पानांची वही घ्या. चार पानं आखा : संघाचे पिक (निवडीच्या पाळ्या), संघातले सध्याचे खेळाडू, गेल्या सात-आठ वर्षांतल्या निवडी, आणि उपलब्ध खेळाडू. दुसऱ्या पानावर प्रत्येक नावापुढे वय आणि करार संपण्याचं वर्ष हे दोन रकाने हवेतच. कराराची माहिती ओव्हर द कॅप आणि स्पॉट्रॅक या संकेतस्थळांवर मिळते.

काम फेब्रुवारीत सुरू करा. त्या महिन्याच्या अखेरीस इंडियानापोलिसला कम्बाइन (नव्या खेळाडूंची एकत्रित शारीरिक चाचणी) होतो, मार्चच्या मध्यावर फ्री एजन्सी (करार संपलेल्या खेळाडूंचा खुला बाजार) उघडते, मार्चभर कॉलेजांचे प्रो डे (कॉलेजातच होणाऱ्या तशाच चाचण्या) चालतात आणि एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट होतो. पहिली फेरी गुरुवारी, दुसरी-तिसरी शुक्रवारी, चौथी ते सातवी शनिवारी. पुण्या-मुंबईत बसून पाहणाऱ्यांसाठी पहिली फेरी शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते.

टप्पा १ : पिक मोजा

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असे मॉक दरवर्षी दिसतात. जो पिक संघाकडे नाहीच, त्यावर खेळाडू बसवलेला असतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पॅकर्सनी डॅलसकडून मायका पार्सन्सला घेतलं, तेव्हा केनी क्लार्कसोबत २०२६ आणि २०२७ चे पहिल्या फेरीचे पिकही देऊन टाकले. त्यानंतरही ‘२०२६ ची पहिली फेरी, पॅकर्स, एज रशर’ (चेंडू फेकणाऱ्यावर कडेने धावून जाणारा बचावपटू) असं लिहिणाऱ्याने पहिल्याच ओळीत स्वतःचं नुकसान करून घेतलं.

क्रम कसा ठरतो ते पक्कं करून घ्या. प्लेऑफला न पोहोचलेले १८ संघ पहिल्या १८ जागांवर असतात, ज्याची कामगिरी सर्वांत वाईट तो सर्वांत आधी. पहिल्या प्लेऑफ फेरीत हरलेले सहा संघ १९ ते २४ वर, पुढच्या फेरीत हरलेले चार २५ ते २८ वर, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात (सुपर बोल या महाअंतिम सामन्याच्या आधीची फेरी) हरलेले २९ आणि ३० वर. सुपर बोलचा उपविजेता ३१ वा, विजेता ३२ वा. दोन संघांची कामगिरी सारखी असेल तर ज्याचे प्रतिस्पर्धी तुलनेने दुबळे होते त्याला आधीचा क्रमांक मिळतो.

त्यानंतर भरपाईचे पिक. आपले फ्री एजंट दुसऱ्या संघांनी नेले आणि त्या मानाने आपण कमी घेतले, तर तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी जास्तीचे पिक मिळतात, एका संघाला जास्तीत जास्त चार. इथे दोन गोष्टी निसटतात. संघाने स्वतः सोडून दिलेला खेळाडू या हिशेबात धरत नाहीत. ड्राफ्टनंतरच्या सोमवारनंतर झालेले करारही धरत नाहीत. म्हणूनच काही संघ एखाद्या अनुभवी खेळाडूला मेपर्यंत थांबवून ठेवतात. ते स्थान एप्रिलमध्ये रिकामं दिसतं, पण संघाच्या मनात ते भरलेलं असतं.

> तपासणी : प्रत्येक पिकचा एकूण क्रमांक लिहा, नुसती फेरी लिहू नका. फेरी नेहमी ३२ पिकचीच असते असंही धरू नका. २०२३ मध्ये मायामीचा पिक काढून घेतल्यामुळे पहिली फेरी ३१ पिकचीच होती.

टप्पा २ : पुढच्या वर्षीचं रिकामपण वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. चाहते आजची भोकं पाहतात, जनरल मॅनेजर पुढच्या मार्चमध्ये पडणारी भोकं पाहतो. आजचं भोक फ्री एजन्सीत बुजवता येतं. ड्राफ्टमधल्या पोराला तयार व्हायला बहुतेकदा एक हंगाम जातो, म्हणून तो पुढच्या वर्षाच्या गरजेसाठी घेतात.

२०२० चं पान समोर ठेवतो. पॅकर्स आदल्या हंगामात कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत गेले होते, त्यामुळे त्यांचा पिक ३० वा होता. त्यांना रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) हवा हे गल्लीतलं पोरही सांगत होतं. माझ्या वहीतही रिसीव्हरचंच नाव होतं, त्याखाली दोनदा रेघ मारलेली. २२ व्या पिकला मिनेसोटाने जस्टिन जेफरसन घेतला, २५ व्याला सॅन फ्रान्सिस्कोने ब्रँडन आयुक. मग पॅकर्स वर सरकून २६ व्यावर आले आणि त्यांनी क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, संघाचा सूत्रधार) जॉर्डन लव्ह घेतला. दुसऱ्या फेरीत रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) ए. जे. डिलन. त्या संपूर्ण ड्राफ्टमध्ये त्यांनी एकही रिसीव्हर घेतला नाही.

मी चिडून वही मिटली. दोन दिवसांनी उघडली तेव्हा सगळं तिथेच लिहिलेलं होतं. क्वार्टरबॅक अ‍ॅरन रॉजर्स, वय ३६. रनिंग बॅक अ‍ॅरन जोन्स आणि जमाल विल्यम्स, दोघांचेही करार त्याच हंगामाअखेर संपणार. मी आकडे भरले होते, पण ते वाचले नव्हते.

म्हणून दुसऱ्या पानावर तीन खुणा करा :

- करारात एकच वर्ष उरलेले खेळाडू : लाल.
- तिशी ओलांडलेले महागडे खेळाडू, ज्यांना पुढच्या वर्षी सोडल्यास पगाराच्या मर्यादेत मोठी जागा मोकळी होते : केशरी.
- पहिल्या फेरीतले तिसरा हंगाम संपवलेले खेळाडू : निळा.

निळ्या रंगाचं कारण असं. ड्राफ्टमधल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो, पण पहिल्या फेरीतल्यांसाठी पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हाती असतो आणि तो वापरायचा की नाही हे तिसऱ्या हंगामानंतरच्या मेच्या सुरुवातीला ठरवावं लागतं. ज्याचा पर्याय संघ नाकारेल असं वाटतं, त्याच्या जागेवर त्याच एप्रिलमध्ये नवा माणूस येण्याची शक्यता वाढते.

एकाच जागेच्या खेळाडूंत दोन लाल खुणा पडल्या, तर त्या जागेला पहिल्या तीन फेऱ्यांत खेळाडू द्या. आज तिथे दोघे उत्तम खेळत असले तरीही.

> सावधान : ‘आमच्याकडे त्या जागेवर चांगला खेळाडू आहे’ हे वाक्य मनात आलं की थांबा आणि करार संपण्याचं वर्ष पाहा.

टप्पा ३ : निवडणाऱ्याच्या सवयी शोधा

निवड जनरल मॅनेजर करतो, म्हणून त्याच्या कारकिर्दीतलीच पानं धरा. ग्रीन बेमध्ये ब्रायन गुटेकुन्स्ट २०१८ पासून आहेत आणि ते आधीचे जनरल मॅनेजर टेड थॉम्पसन यांच्या हाताखाली तयार झालेले असल्यामुळे थोडं मागेही जाता येतं. एरवी जुन्या मॅनेजरची आकडेवारी नव्याच्या माथी मारू नका.

पहिली सवय, कोणत्या जागेसाठी पहिला पिक खर्च करतात. २०१२ ते २०१९ मध्ये पॅकर्सनी पहिल्या फेरीत घेतलेला प्रत्येक खेळाडू बचाव फळीतला होता. २००२ मध्ये जॅवन वॉकर घेतल्यानंतर पहिल्या फेरीत रिसीव्हर आला तो थेट २०२५ मध्ये, २३ व्या पिकला मॅथ्यू गोल्डन. सवयीची ताकद आणि सवयीची मर्यादा दोन्ही या एका ओळीत आहेत. वर्षानुवर्षं ‘पहिल्या फेरीत रिसीव्हर नाही’ लिहिणारे बरोबर येत राहिले आणि एके दिवशी चुकले. मी अशा सवयीला दहापैकी आठ गुण देतो, दहा कधीच नाही.

दुसरी सवय शरीराची. ग्रीन बेला कॉलेजातल्या आकड्यांपेक्षा वेग, उडी आणि वय जास्त प्रिय आहे. २०२३ मध्ये १३ व्या पिकला त्यांनी लुकस व्हॅन नेस घेतला. आयोवा विद्यापीठात त्याने एकही सामना सुरुवातीच्या अकरात खेळून सुरू केला नव्हता! कॉलेजातले सॅक (क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडणं) मोजून यादी करणाऱ्याला हे नाव सापडणं कठीण होतं. कम्बाइनचे आकडे पाहणाऱ्याला सापडलं असतं. त्यासाठी आरएएस हा गुणांक वापरा. ० ते १० च्या पट्टीवर तो खेळाडूची शारीरिक चाचणी त्याच जागेवरच्या १९८७ पासूनच्या खेळाडूंशी ताडून पाहतो. तुमच्या संघाच्या पहिल्या तीन फेऱ्यांतल्या जुन्या निवडींपुढे हा आकडा लिहून काढा. तासाभराचं काम आहे, आणि संघ कुणाला हातही लावणार नाही हे त्यातून दिसायला लागतं.

तिसरी सवय मला सर्वांत जास्त उपयोगी पडली आहे : कॉलेजातला डावा टॅकल (क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या फळीच्या डाव्या टोकाचा खेळाडू) घ्यायचा आणि मग त्याला हवं तिथे बसवायचं. डेव्हिड बाख्तियारी, झॅक टॉम, शॉन रायन, रशीद वॉकर, जॉर्डन मॉर्गन, अँथनी बेल्टन हे सगळे कॉलेजात डावे टॅकल होते. रायन गार्ड (त्याच फळीत टॅकलच्या आतल्या बाजूचा) झाला, टॉम उजवा टॅकल झाला. पॅकर्सना गार्ड हवा असेल तेव्हा मी गार्डांची यादी उघडतच नाही, टॅकलांची उघडतो.

चौथी, एकाच जागेसाठी दोन-तीन माणसं. २०१८ मध्ये चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या फेरीत ओळीने तीन रिसीव्हर. २०२२ मध्ये पुन्हा तीन. २०२३ मध्ये दुसऱ्या फेरीत ल्यूक मसग्रेव्ह आणि तिसरीत टकर क्राफ्ट, दोघेही टाइट एन्ड (अडवणं आणि झेलणं दोन्ही करणारे), शिवाय तीन रिसीव्हर. २०२४ मध्ये तीन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू). आपण मात्र ‘सेफ्टी झाला, आता पुढची गरज’ म्हणून पुढे सरकतो, जणू किराण्याच्या यादीवर खूण करतोय.

> तपासणी : शोधलेली प्रत्येक सवय त्याच मॅनेजरच्या किमान तीन वेगवेगळ्या वर्षांत दिसते का? दोनदाच दिसली तर तो योगायोग धरा.

टप्पा ४ : मार्चमधले बदल भरा

फ्री एजन्सीनंतर दुसरं पान पुन्हा लिहा. मोठ्या रकमेचा अनेक वर्षांचा करार झाला असेल तर ती जागा पहिल्या दोन फेऱ्यांतून खाली आणा. एका वर्षाचा स्वस्त करार झाला असेल तर काहीही बदलू नका. तो माणूस ड्राफ्टमधल्या खेळाडूची जागा धरून ठेवायला आलेला असतो.

प्रशिक्षक बदलला असेल तर जास्त काळजी घ्या. २०२४ मध्ये जेफ हॅफ्ली बचाव समन्वयक म्हणून ग्रीन बेला आले आणि बचावाची ३-४ ची रचना (पुढच्या ओळीत तीन, त्यांच्या मागे चार) जाऊन ४-३ आली. त्याच एप्रिलमध्ये संघाने दुसऱ्या फेरीत एजरिन कूपर आणि तिसरीत टायरॉन हॉपर, असे दोन लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या ओळीतले) घेतले. रचना बदलली की गरजांची यादी रातोरात बदलते.

बातम्यांचं काय? प्रत्येक संघ ३० खेळाडूंना आपल्या मुख्यालयात बोलावू शकतो आणि त्या भेटींच्या याद्या बाहेर येतात. भेट म्हणजे होकार नव्हे. दुखापतीबद्दल किंवा वागणुकीबद्दल शंका असेल तरी बोलावतात. मी भेटीला अर्धा गुण देतो. एप्रिलच्या मध्यानंतर ‘अमुक संघाला तमुक खूप आवडला’ अशा ज्या बातम्या सुटतात, त्यांना शून्य.

टप्पा ५ : खेळाडूंची यादी, पण पट्ट्यात

एकाच तज्ज्ञाची यादी धरू नका. पाच-सहा याद्या घेऊन प्रत्येक खेळाडूची सरासरी काढा. मग पिकभोवती पट्टा आखा. पिक २५ वा असेल तर मी सरासरी १५ ते ४५ मधलेच खेळाडू पाहतो. दहाव्याच्या वरचा माणूस २५ पर्यंत घसरेल असं धरायचं असेल तर कारण लिहा : दुखापत, वय, त्याच जागेसाठी जास्त चांगले पर्याय. कारण सुचत नसेल तर ती नुसती इच्छा आहे.

पट्ट्यातल्या नावांमधून टप्पा ३ च्या सवयींत न बसणारे खोडा. तीसपैकी दहा-बारा उरतात. कॉलेजात परतलेले कुणी चुकून राहिलेत का तेही पाहा. जानेवारीत निर्णय बदललेली नावं जुन्या याद्यांत तशीच पडून असतात.

पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक, टॅकल, एज रशर, कॉर्नरबॅक (रिसीव्हरवर पहारा ठेवणारा) आणि रिसीव्हर यांनाच झुकतं माप द्या. २०११ पासून नवख्यांचा पगार पिकच्या क्रमांकावर ठरतो, जागेवर नाही. पंचविसाव्या पिकचा टॅकल आणि पंचविसाव्या पिकचा सेफ्टी यांना जवळपास सारखेच पैसे मिळतात. बाजारात अनुभवी टॅकल सेफ्टीपेक्षा खूप महाग पडतो. म्हणून संघ महागडी जागा ड्राफ्टमध्ये स्वस्तात भरून घेतो.

टप्पा ६ : आपल्या आधीचे संघ

आपल्या पिकच्या आधीच्या आठ संघांचे लाल रकाने तेवढे भरा, बाकी संपूर्ण फेरी लिहीत बसू नका. त्या आठांत टॅकल हवे असलेले चार संघ असतील तर तुमच्या दहा-बारा नावांतले पहिले दोन टॅकल खोडा. आपल्या मागच्या दोन-तीन संघांकडेही एक नजर टाका. त्यांना तोच माणूस हवा असेल, तर आपला संघ खाली सरकण्याचा धोका पत्करणार नाही.

टप्पा ७ : अदलाबदल

पूलमध्ये अदलाबदल लिहायची मुभा नसेल तर हा टप्पा सोडून द्या. मुभा असेल तर डॅलसचे माजी प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांचा, प्रत्येक पिकची किंमत गुणांत सांगणारा तक्ता वापरा. त्यात पहिल्या पिकला ३००० गुण, १६ व्याला १०००, ३२ व्याला ५९० आहेत. गुटेकुन्स्ट यांचे जुने व्यवहार त्यात घालून पाहा :

- २०१९ : ३० वा (६२०), ११४ वा (६६) आणि ११८ वा (५८) देऊन २१ वा (८००). दिले ७४४.
- २०२० : ३० वा (६२०) आणि १३६ वा (३८) देऊन २६ वा (७००). दिले ६५८.
- २०२२ : ५३ वा (३७०) आणि ५९ वा (३१०) मिनेसोटाला देऊन ३४ वा (५६०). दिले ६८०.

दोनदा तक्त्यापेक्षा कमी मोजलं, एकदा बरंच जास्त, तेही स्वतःच्याच गटातल्या प्रतिस्पर्ध्याला. म्हणजे तक्ता हा कायदा नव्हे, व्यवहार शक्यतेच्या कक्षेत आहे की नाही एवढंच तो सांगतो. दिलेले आणि घेतलेले गुण यांच्यात चौथाईपेक्षा जास्त फरक पडला तर तो व्यवहार मी लिहीत नाही.

> सावधान : पहिल्या फेरीत एकच अदलाबदल लिहा. दुसरी लिहिलीत की पहिली बरोबर आली तरी क्रमांक चुकतात.

टप्पा ८ : आता नावं लिहा

आधी प्रत्येक पिकपुढे फक्त जागा लिहा : टॅकल, कॉर्नरबॅक, एज रशर. ही यादी एक रात्र तशीच ठेवा. दुसऱ्या दिवशी टप्पा २ च्या लाल खुणांशी ताडून पाहा आणि मग नाव भरा. प्रत्येक पिकला एक मुख्य नाव आणि एक राखीव.

गरज आहे म्हणून ती पहिल्याच पिकला भरली जाईल असं धरू नका. २०२५ मध्ये जैर अलेक्झांडर ग्रीन बेला राहणार की नाही याचा घोळ चालू होता, जूनमध्ये त्याला सोडलंच. कॉर्नरबॅकची गरज उघड्या डोळ्यांना दिसत होती. संघाने सातव्या फेरीत, २३७ व्या पिकला मायका रॉबिन्सन घेईपर्यंत एकही कॉर्नरबॅक घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे चौथ्या फेरीपासून पुढे, नेमकं नाव बरोबर येणं फार दुर्मीळ आहे. तिथे जागा आणि शारीरिक साचा बरोबर यावा एवढंच ध्येय ठेवा. किकरही विसरू नका. २०२३ मध्ये पॅकर्सनी सहाव्या फेरीत अँडर्स कार्लसन हा किकर घेतला होता.

टप्पा ९ : ड्राफ्टनंतरचा रविवार

याद्या फेकू नका. योग्य पिकला योग्य नाव : ५ गुण. तो खेळाडू त्याच संघात, पण दुसऱ्या पिकला : ३. नाव चुकलं पण त्या फेरीतली जागा बरोबर : २. मग चुकलेल्या प्रत्येक ओळीपुढे टप्प्याचा आकडा लिहा. करार वाचायला चुकलो तर २, सवय चुकीची धरली तर ३, आधीच्या संघाने पळवला तर ६. माझ्या पहिल्या काही वर्षांच्या पानांवर दोनचाच आकडा सर्वांत जास्त आहे. तुमच्या पानावर जो आकडा वारंवार येईल, पुढच्या फेब्रुवारीत त्या टप्प्याला दुप्पट वेळ द्या.